चौदा मिनिटांचा रस्ता

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीनं बरंच झालं. फोनवर मी ‘बरं आहे, बरं आहे’ याच्या पुढे कधी गेलोच नसतो. कागद समोर असला की माणसाला काहीतरी लिहावंच लागतं.

इथे येऊन अकरा महिने झाले. आमच्या सिस्टरचं, म्हणजे तुझ्या भावजयीचं, बस्तान चांगलं बसलंय. टेकडीवरच्या या वृद्धाश्रमात तिच्यावाचून पान हलत नाही. मी तिच्यामागून आलो तेव्हा वाटलं होतं, आपण नुसते सिस्टरचे मिस्टर म्हणून बसून राहणार. पण आल्या आल्याच मेट्रनबाईंनी व्हॅनची किल्ली हातात दिली ते आठवतंय ना? तीच व्हॅन अजून चालवतोय. आठवड्यातून तीनदा तिघांना डायलिसिसला न्यायचं, बाकीच्यांना डोळे दाखवायला, दात दाखवायला. टेकडी उतरून इस्पितळापर्यंत चौदा मिनिटं लागतात. वळणं भरपूर आहेत, पण मागे बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळत नाही. बावीस वर्षं अँब्युलन्स चालवली ती काय उगीच?

इथे एक क्रेनवाले आजोबा आहेत. बंदरात चाळीस वर्षं क्रेन चालवली त्यांनी. त्यांना कुठे जायचं नसलं तरी गाडीत माझ्या शेजारी बसायला येतात आणि माझे हात बघत राहतात. त्यांची भाषा मला अर्धी कळते, माझी त्यांना तेवढीही नाही. आमचं छान जमतं.

आता एक काम. बाहेरून राहायला आलेल्याला आपल्या देशाच्या लायसन्सवर इथे एकच वर्ष गाडी चालवता येते. ते वर्ष पुढच्या महिन्यात भरतंय. मग जुनं लायसन्स जमा करून इथलं घ्यायचं. त्यासाठी आपल्या कचेरीचा दाखला लागेल, की हे लायसन्स खरं आहे आणि माझ्यावर एकही गुन्हा नाही. दाजींना तेवढी एक खेप घालायला सांग. साधी बाब आहे, पण वेळेत हवं.

तुझा
धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

दाखला सोबत पाठवलाय. दाजींनी एक नाही, पाच खेपा घातल्या. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी शिक्का नव्हता, तिसऱ्या दिवशी साहेब आणि शिक्का दोन्ही होते पण शाईचं पॅड वाळलं होतं. दाजींनी शेजारच्या दुकानातून पॅड आणून दिलं. चौथ्या दिवशी कारकुनानं विचारलं की त्या लोकांना आमची सही का पुरत नाही, लायसन्सवर आमचीच तर सही आहे. दाजी म्हणाले, त्यांना सहीखालची सही हवी आहे. त्यावर तो म्हणे बराच वेळ हसत होता. मग त्यानं स्वतः जुनी रजिस्टरं काढून बावीस वर्षांचं सगळं लिहून दिलं. अपघात शून्य, दंड शून्य. ते दोन्ही शून्य त्यानं अक्षरात लिहिलेत बघ, कुणी पुढे आकडा घालू नये म्हणून.

माझं मशीन चालू आहे. शाळांच्या गणवेशांचं काम आता येईल. गिऱ्हाइकं विचारतात, भाऊ काय करतो तिकडे. मी सांगते, इथे जे करायचा तेच. लोकांना आश्चर्य वाटतं, कारण इथून गेलेला माणूस तिथे जाऊन आपलंच काम करतोय असं सहसा होत नाही. डॉक्टर जातो आणि दुकानात उभा राहतो. तुझं नशीब की गाडी सगळीकडे गाडीच असते.

तब्येत जप. भावजयीला आशीर्वाद.

ताई


२ एप्रिल

ताई,

दाखला मिळाला. दाजींना म्हणावं, त्या शाईच्या पॅडचे उपकार विसरणार नाही. काम चालू आहे.

इकडे थोडा बदल झालाय. व्हॅनवर एक नवा माणूस आला आहे. मी त्याला लंबू म्हणतो. सीट पूर्ण मागे सरकवली तरी त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. तो दुसऱ्याच एका देशातून आलाय. एकोणिसाव्या वर्षी लायसन्स काढलं, पण त्यानंतर सगळीकडे रेल्वेनंच फिरला. त्याला टेकडीची वळणं झेपत नाहीत, आणि गाडी मागे घ्यायची म्हटलं की घाम फुटतो. मी रोज दुपारी त्याच्या शेजारी बसून त्याला शिकवतो. क्लच अर्ध्यावर धर, आरशाकडे बघ, मानेनं नको, खांद्यानं वळ. मनानं चांगला आहे. मला गुरुजी म्हणतो.

क्रेनवाले आजोबा त्याच्या गाडीत बसत नाहीत.

सिस्टरच्या पाळ्या वाढल्यात. मी घरी स्वयंपाक करतो आणि इथली भाषा वाचायला शिकतोय. बाकी ठीक.

धाकटा


२० एप्रिल

धाकट्या,

वाचून फार बरं वाटलं. वर्षभरात हाताखाली माणूस दिला म्हणजे त्यांनी तुला ओळखलं. दाजी म्हणाले, आता हा गाडी चालवणार नाही, चालवणारे घडवणार. मी सगळ्यांना सांगितलं की भाऊ तिकडे शिकवायला लागला. बरोबर सांगितलं ना?

व्हॅनसोबत एक फोटो पाठव. दुकानात आरशाच्या बाजूला लावीन. स्टिअरिंगवर बसलेला हवा. नुसता गाडीला टेकून उभा असलेला नको, तसा तर कुणीही काढतो.

ताई


९ जून

ताईंना नमस्कार.

माझं पत्र पाहून दचकू नका, आम्ही दोघं सुखरूप आहोत. आश्रमातल्या एका आजींना घेऊन इस्पितळात आले आहे, तिथेच बसून हे पत्र लिहिते आहे आणि ह्यांना ते माहीत नाही.

तुम्ही फोटो मागितलात तेव्हापासून ह्यांनी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही. कारण फोटो काढण्यासारखं काही नाही. हे मार्चपासून व्हॅन चालवत नाहीत. आश्रमाच्या धुलाईखोलीत चादरी धुतात.

मार्चमध्ये हे लायसन्स बदलायला गेले तेव्हा कचेरीत मी सोबत होते. नंतर व्हॅनवर आला तोच लंबू रांगेत आमच्या पुढे होता. त्यानं काचेखालून आपलं लायसन्स सरकवलं. बाईनं एक यादी पाहिली, त्याचे डोळे तपासले, फोटो काढला आणि दहा मिनिटांत त्याच्या हातात इथलं लायसन्स दिलं. मग आमचा नंबर आला. ह्यांनी दाजींनी पाठवलेला दाखला अगदी इस्त्री केल्यासारखा पुढे ठेवला. बाईनं तो वाचला नाही. मागे काही लिहिलंय का तेवढं पाहिलं आणि परत केला. ती उर्मट नव्हती. शांतपणे म्हणाली, “तुमचा देश यादीत नाही.”

ह्यांनी सांगितलं की मी कालच ह्याच रस्त्यानं गाडी चालवत आलो, तीन पेशंट होते. ती म्हणाली, “काल चालत होतं. तुमचं वर्ष काल संपलं.”

यादीतल्या देशांच्या लोकांना कसलीच परीक्षा द्यावी लागत नाही. यादीत नसलेल्यांनी अगदी शून्यापासून सुरुवात करायची. इथल्या भाषेत लेखी परीक्षा, सक्तीचे धडे, मग रस्त्यावरची परीक्षा. प्रथमोपचाराचा आठ तासांचा वर्गही होता. तिथे ह्यांना बाहुलीची छाती दाबायला लावली आणि शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, घाबरू नका, पहिल्या वेळी सगळ्यांना अवघड जातं. हे घरी येऊन हसत हसत सांगत होते. मग उठून भांडी घासायला गेले.

लेखी परीक्षा दुसऱ्या वेळी सुटली. रस्त्यावरच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. पहिल्यांदा वळणावर हॉर्न दिला म्हणून. दुसऱ्यांदा आरशात बघताना मान हलली नाही म्हणून. डोळ्यांनी बघितलं ते परीक्षकाला दिसलं नाही. यादीतल्या देशांत मान हलवतात की नाही, हे कुणी विचारत नाही.

इथवरचं मी सोसलं असतं. पण मागच्या आठवड्यात लंबूचं डोकं दुखत होतं म्हणून हे टेकडीवरून गाडी घेऊन गेले. तीन पेशंट मागे असताना. मला लंबूकडून कळलं. ताई, पकडले गेले तर नुसता दंड नाही. परीक्षेला पुन्हा बसता येणार नाही, आणि आमचं इथे राहणंच धोक्यात येईल. मी जिवाच्या आकांतानं सांगितलं. हे म्हणाले, “रस्ता मला ओळखतो.”

ते माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. त्यांना बांधून घाला. मी लिहिलं हे मात्र कळू देऊ नका.

तुमची
भावजय


२८ जून

धाकट्या,

फोटो पाठवला नाहीस, हरकत नाही. आरशाच्या बाजूची जागा गणवेशांच्या मापांच्या तक्त्यानं घेतली.

दाजींनी कुठेतरी वाचलं की तिकडे बाहेरच्या माणसांना गाडीचे नियम फार कडक असतात, कागदात जरा कमीजास्त झालं तर घरी पाठवतात. तुझं सगळं नीट आहे हे मला माहीत आहे. तरी माझ्या मनानं घेतलंय. म्हणून सांगते. तिथला जो काही नियम असेल, तो पाळायचा. तुला मूर्खपणाचा वाटला तरी. तुझा हात कितीही चांगला असला तरी. कागद नसेल तर चाकाला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे तुला.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. त्यानंतर मी तुला कधी कशाची शपथ घातली नाही. ही पहिली. का घातली ते विचारू नकोस.

ताई


५ ऑक्टोबर

ताई,

सहा महिने लिहिलं नाही. तुझ्या शेवटच्या पत्रावरून मला कळलंच की तुला सगळं कळलंय. दाजी चष्म्याशिवाय घड्याळसुद्धा वाचत नाहीत, ते परदेशातले नियम कुठले वाचतात. सिस्टरनंच लिहिलं असणार. मी तिला विचारलं नाही. त्यामुळे आता लपवण्यासारखं ते काही उरलं नाही. जे उरलंय ते सांगतो.

तुझं पत्र आल्यापासून मी किल्लीला हात लावला नाही. चादरी धुतल्या. लंबूला शिकवलं. रस्त्यावरच्या तिसऱ्या परीक्षेची तारीख मिळाली, १४ सप्टेंबर.

११ तारखेला सकाळी अकरा वाजता क्रेनवाले आजोबा धुलाईखोलीत आले. अधूनमधून यायचेच, टोपलीवर बसून माझ्याशी बोलत. त्या दिवशी बसता बसता कलंडले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लटकला. ताई, हे मी बावीस वर्षांत शंभर वेळा पाहिलंय. डॉक्टरनं सांगायच्या आधी मला कळतं. अशा वेळी एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.

सिस्टर धावत आली. मेट्रनबाईंनी फोन केला. पलीकडून सांगितलं की तिन्ही अँब्युलन्स बाहेर आहेत, शेजारच्या गावाहून पाठवतो, चाळीस मिनिटं धरा. लंबू पाठ धरली म्हणून घरी होता. मेट्रनबाई सायकलनं येतात, बाकीच्या बायका बसनं. गाडी चालवता येणारा तिथे मी एकटाच होतो. व्हॅन अंगणात उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. मीच लंबूला सांगितलं होतं की गाडी नेहमी तशी लावायची.

मेट्रनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मी तुम्हाला सांगू शकत नाही.” मग त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि वळल्याच नाहीत. त्याचा अर्थ मला कळला.

सिस्टर जमिनीवर बसली होती, आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन. ती म्हणाली, “गाडी काढा.”

मी खुंटीवरची किल्ली काढली. अंगणात गेलो. दार उघडलं. सीट लंबूच्या मापानं मागे होती, ती पुढे घ्यायला हात घातला. आणि तिथेच थांबलो. मग आत येऊन म्हणालो, येईलच आता ती. सिस्टरनं मान खाली घातली आणि आजोबांची नाडी धरली. आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यांची जीभ गेली होती, डोळे नाही.

अँब्युलन्स पन्नास मिनिटांनी आली. इस्पितळातल्या डॉक्टरनं सिस्टरला म्हटलं, “अर्धा तास आधी आणलं असतं तर.” आजोबा १५ तारखेला गेले.

इथे मी सगळ्यांना सांगितलं की बहिणीची शपथ होती. लंबूला सांगितलं, मेट्रनबाईंना सांगितलं, सिस्टरलाही सांगितलं. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या खोलीत जाते. ताई, तुला खोटं लिहवत नाही. शपथ मला आठवलीच नाही. सीटच्या कडीला हात घातला तेव्हा मला तीन दिवसांनी होणारी परीक्षा आठवली. टेकडीच्या खाली पोलीस उभे असतात ते आठवलं. एवढे महिने चादरी धुतल्या ते आठवलं. माणूस आत मरत होता आणि मी लायसन्सचा विचार करत होतो.

१४ तारखेला परीक्षा दिली. आजोबा तेव्हा इस्पितळात होते. प्रत्येक आरशाकडे मान वळवून बघितलं. हॉर्न दिला नाही. परीक्षकानं शेरा दिला, नियमांची उत्तम जाण.

पास झालो.

धाकटा


३० ऑक्टोबर

धाकट्या,

पत्र तीनदा वाचलं. दाजींना वाचून दाखवायला गेले, पण मधेच थांबावं लागलं.

भावजयीनंच लिहिलं होतं. तिच्यावर राग धरू नकोस. ती घाबरली होती, आणि मी तिच्याहून जास्त घाबरले.

शपथ आठवली नाही म्हणतोस. तू मला सोडवायला तसं लिहितोयस की खरंच तसं झालं, हे मला ठरवता येत नाही. पण एक गोष्ट मलाही लिहायला हवी. माझं अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा पुलावर ‘रस्ता बंद’ अशी पाटी होती. तू खाली उतरलास, पाटी उचलून बाजूला ठेवलीस, गाडी पलीकडे नेलीस आणि परत मागे जाऊन पाटी होती तिथे लावून आलास. मी वेदनेनं किंचाळत होते आणि तू पाटी सरळ करत होतास. शुद्धीवर आल्यावर मी तुला त्याबद्दल शिव्या घातल्या होत्या. मी तो माणूस ओळखते. त्याच माणसाला मी शपथ घातली. आणि घालताना माझी खात्री होती की खरी वेळ आली तर तू ती मोडशील. मोडशील हे धरूनच घातली होती रे.

त्यांनी तुला सहा महिने नव्यानं शिकवलं. तू शिकलास. आता त्यांना दोष देऊन मला झोप लागत नाही आणि तुला देऊनही लागत नाही.

दुकानात कुणी विचारलं तर सांगते, भाऊ बरा आहे. पुढचं सांगत नाही.

भावजयीशी बोल. ती बोलत नसेल तर तू बोल.

ताई


१२ डिसेंबर

ताई,

सिस्टर आता बोलते. कामापुरतं, जेवणाचं, कपड्यांचं. परवा पहिल्यांदा माझ्या कोटाचं बटण लावून दिलं. एवढं पुरे आहे.

व्हॅन पुन्हा माझ्याकडे आहे. लंबूला शहरात मोठी गाडी मिळाली. जाताना त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, गुरुजी, तुम्ही नसतात तर माझं कधीच जमलं नसतं. टेकडीवर पोलिसांनी दोनदा अडवलं. मी कार्ड दाखवलं, त्यांनी सलाम ठोकला. दोन्ही वेळेला पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन मी कार्ड पुन्हा बघितलं, काही कारण नसताना.

गेल्या मंगळवारी क्रेनवाल्या आजोबांची मुलगी आली. लांब राहते, लेकुरवाळी आहे, आधी येता आलं नव्हतं. आजोबांचं सामान एका खोक्यात मावलं. मेट्रनबाईंनी मला सांगितलं की तिला स्टेशनवर सोडा.

ती पुढे बसली, माझ्या शेजारी. खोकं मांडीवर घेतलं. पहिली दोन वळणं गेली तशी ती माझ्या हातांकडे बघायला लागली. मग म्हणाली की तुम्हीच का ते, बाबा प्रत्येक पत्रात तुमच्याबद्दल लिहायचे, इथे एकच माणूस आहे ज्याला यंत्र चालवता येतं. आता मला भाषा पूर्ण कळते, ताई. तिचा एकही शब्द सुटला नाही.

मी हूं म्हणालो. इस्पितळाजवळ सिग्नलला गाडी थांबली. ती इमारतीकडे बघत होती. घड्याळाकडे बघून म्हणाली की एवढं जवळ आहे होय, मला वाटलं होतं फार लांब असेल.

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, तिच्या मनात काही नव्हतं, “त्या दिवशी तुम्ही नव्हतात का हो?”

सिग्नल सुटला. मी तिन्ही आरशांत मान वळवून पाहिलं आणि गाडी पुढे घेतली.

नव्हतो, म्हणालो.

धाकटा